एका पाटीवरून चार विषय: एफवायबीएचा अभ्यास सुरू कुठून करायचा

दरवर्षी ॲडमिशनची गडबड संपली की मला कुणाच्या ना कुणाच्या मुलाचा फोन येतोच, यंदा मावसबहिणीच्या मुलीचा आला. मामा, मेजर (मुख्य विषय) मराठी मिळालंय, मायनर (जोडविषय) इतिहास घेतलाय, ओपन इलेक्टिव्हला मार्केटिंग आलंय आणि भाषाविज्ञानाचा पण एक पेपर आहे, यातलं आधी काय वाचू आणि गाईड कुठलं घेऊ? तिला फोनवर जे सांगितलं तेच जरा नीट इथे लिहितोय, कारण असं कॉम्बिनेशन आता खूप मुलांचं आहे. नवीन शैक्षणिक धोरणात ओपन इलेक्टिव्ह आपल्या शाखेबाहेरचंच घ्यावं लागतं, त्यामुळे आर्ट्सच्या पोरांच्या वाट्याला कॉमर्सचे विषय यायला लागलेत आणि त्यांना वाटतं हे चार डबे आहेत, चार वह्या, चार गाईडं, चार वेळा पाठांतर. मी मराठी घेऊन बीए केलं आणि गेली बरीच वर्षं पुण्यात जाहिरातींचा मजकूर लिहायचं काम करतो, तर मी खात्रीने सांगतो की हे विषय शेजारीशेजारी राहणारे आहेत, एकाच्या अंगणातून दुसऱ्याच्या घरात जाता येतं.

सगळ्यात आधी सिलॅबस. ग्रुपवर फिरणारा फोटो नको, विद्यापीठाच्या वेबसाइटवरची पीडीएफ, आणि त्यावर कुठल्या वर्षापासून लागू हे लिहिलेलं असतं ते बघायचं, कारण मागच्या बॅचचा सिलॅबस घेऊन दिवाळीपर्यंत अभ्यास केलेली मुलं मी पाहिलीत. मग क्रेडिट बघा. थिअरीचा एक क्रेडिट म्हणजे १५ तासांचे वर्ग, म्हणजे २ क्रेडिटच्या पेपरला ३० तास आणि ४ क्रेडिटला ६०. हा हिशोब एकदा मांडला की कळतं ओपन इलेक्टिव्हला किती जीव द्यायचा आणि मेजरला किती. सिलॅबसमधल्या प्रत्येक घटकासमोर पेन्सिलने एक खूण करा, हे मला आत्ता कुणी विचारलं तर दोन वाक्यं बोलता येतील का, येत असतील तर बरोबर, नसतील तर फुली. पहिल्या आठवड्यात सगळ्या फुल्याच असतात, काळजी करू नका.

गाईडबद्दल माझं मत स्पष्ट आहे, शेवटच्या महिन्यात घ्या हवं तर, सुरुवात त्याने करू नका. मी पहिल्या वर्षाला एका गाईडमधून सालं पाठ केली होती, त्यातली दोन चुकीची निघाली आणि मार्क गेले, पण खरं वाईट याचं वाटलं की ते साल तिथे का आहे हा प्रश्नच मला पडला नव्हता. प्रश्न पडायची सवय लागायला हातात काहीतरी खरं लागतं. म्हणून मी सांगतो, एक पाटी घ्या.

पुण्यातल्या जुन्या दुकानांवरची एक पाटी सगळ्यांना माहितीये, "आमची कोठेही शाखा नाही". चार शब्द. एक वही घ्या, चारही विषयांना मिळून एकच, डाव्या पानावर ही पाटी लिहा आणि उजव्या पानाचे चार भाग करा. आता एकेक विषय घेऊन तिच्याकडे बघू.

भाषा

पहिला शब्द "आमची". इथेच थांबा. मराठीत आम्ही आणि आपण असे दोन वेगळे शब्द आहेत, आम्ही म्हटलं की ऐकणारा बाहेर, आपण म्हटलं की ऐकणारा आत. आम्ही सिनेमाला चाललोय आणि आपण सिनेमाला जाऊया यातला फरक दोन वर्षाच्या पोरालाही कळतो. हिंदीत हम एकच, इंग्रजीत वी एकच. दुकानदार "आमची" लिहितो तेव्हा गिऱ्हाईक काउंटरच्या पलीकडे उभं असतं, आणि सरकारी योजनेला नाव "आपला दवाखाना" देतात तेव्हा तुम्हाला आत घेतलेलं असतं. सर्वनामाचा घटक येईल तेव्हा हे उदाहरण लिहा, पुस्तकातल्या उदाहरणापेक्षा जास्त कळतं. आणि लगेच पुढची गंमत पण नोंदवा, "आपले स्वागत आहे" यातला आपले म्हणजे आदराने तुमचे, तिथे आत-बाहेरचा काही संबंधच नाही, एकाच शब्दाची दोन कामं.

दुसरा शब्द "कोठेही". बोलताना तुम्ही कुठेही म्हणता. पाटीवर कोठेही का? लिहायची मराठी आणि बोलायची मराठी यात अंतर आहे आणि पाटी रंगवताना माणूस लिहायच्या मराठीत जातो, जरा ताठ बसतो. प्रसंगाप्रमाणे बदलणाऱ्या भाषेच्या अशा रूपाला भाषाविज्ञानात प्रयुक्ती वगैरे म्हणतात, पण नाव नंतर, आधी फरक कानाला जाणवला पाहिजे.

कानावरून आठवलं, ध्वनींचा घटक मुलांना फार अवघड जातो कारण ती अक्षरांकडे बघत बसतात. जग हा शब्द दोनदा मोठ्याने म्हणा, एकदा दुनिया या अर्थाने आणि एकदा "तू आधी स्वतःसाठी जग" या अर्थाने. ज वेगळा लागला ना? लिहिताना एकच अक्षर, उच्चार दोन, आणि नुसत्या त्या उच्चाराने अर्थ बदलला. बदलला की अर्थ बदलतो असा ध्वनी म्हणजे स्वनिम, त्याचं उत्तर तुमच्या तोंडातच आहे. पाट आणि पाठ, माल आणि माळ, अशा पंचवीस जोड्या घरी बसून स्वतः काढा, भावाला बहिणीला कामाला लावा, तो घटक संपला समजा.

फर्दिनां द सोस्यूर या स्विस भाषाशास्त्रज्ञाचं नाव सगळीकडे येतं. त्याचं प्रसिद्ध पुस्तक त्याने स्वतः छापलेलं नाही, तो गेल्यावर त्याच्या वर्गातल्या टिपणांवरून सहकाऱ्यांनी १९१६ साली छापलं. त्याचा मुख्य मुद्दा साधा आहे, शब्दाचा आवाज आणि त्याचा अर्थ यांचं नातं निसर्गाने ठरवलेलं नाही, लोकांनी मिळून मानलेलं आहे. बस बाई का, ट्रक बाप्या का आणि टेबल नपुंसक का, याला कारण कुणी देऊ शकत नाही, पण ती बस, तो ट्रक, ते टेबल यात चुकलात तर सगळे हसतात. हे स्वतःच्या शब्दात लिहिता आलं की सोस्यूरची भीती जाते.

इतिहास

इतिहासाच्या मुलांनी पाटीला पहिला प्रश्न हाच विचारायचा, ही लागली कधी? आणि दुसरा, का लागली? शाखा नाही असं सांगायची वेळ तेव्हाच येते जेव्हा शाखा आहे असा कुणाचा तरी समज व्हायला लागलेला असतो. म्हणजे शहर वाढलंय, दुकानाचं नाव झालंय, आणि त्याच नावाचं दुसरं दुकान कुणीतरी काढलंय किंवा काढेल अशी धास्ती आहे. चार शब्दांतून एवढं बाहेर येतं. पण हा अजून अंदाज आहे, इतिहास नाही. इतिहास करायला पुरावा लागतो, जुना फोटो, दुकानाची वही, भाडेपावती, जुन्या वर्तमानपत्रातली जाहिरात, मालकाच्या वडिलांची आठवण, आणि यातलं प्रत्येक साधन किती भरवशाचं हे तपासावं लागतं.

हे तपासणं म्हणजे काय ते आणखी जुन्या पाटीवर दाखवतो. श्रवणबेळगोळला गोमटेश्वराच्या मूर्तीच्या पायाशी "श्रीचावुण्डराजें करवियलें" अशी ओळ कोरलेली आहे, म्हणजे चावुंडराजाने करवून घेतलं. शाळेत आपण वर्षानुवर्षं शिकलो की हा मराठीतला पहिला शिलालेख, साल ९८३. पण तिथेच जवळ होयसळांचा सेनापती गंगराज याने भोवतालचं बांधकाम करवून घेतल्याची ओळ आहे, ती बाराव्या शतकातली, आणि काही अभ्यासक म्हणतात की दोन्ही ओळी एकदमच, म्हणजे १११७ च्या सुमाराला कोरल्या असाव्यात. असं मानलं तर अलिबागजवळच्या अक्षीचा शके ९३४ चा, म्हणजे १०१२ चा शिलालेख आधीचा ठरतो. आता बघा, दगड तोच, अक्षरं तीच, पण मूर्ती कधी घडली आणि ओळ कधी कोरली हे दोन वेगळे प्रश्न आहेत हे ज्याच्या लक्षात आलं त्याने वाद उभा केला. परीक्षेत "मराठीतील आद्य शिलालेख" वर टीप आली तर एकच साल ठोकून मोकळे होऊ नका, हा वाद चार ओळीत लिहा, मास्तर पेपर जपून वाचतात.

आणि त्या ओळीत व्याकरण पण बसलंय. "राजें" मधला तो शेवटचा एं म्हणजे आजचा "राजाने" मधला ने, तृतीया विभक्ती. करवियलें म्हणजे करवलं, प्रयोजक क्रियापद. तोच मजकूर तिथे कन्नडमध्ये आणि तमिळमध्ये पण कोरलेला आहे, म्हणजे कोरून घेणाऱ्याच्या डोक्यात वाचणारे तीन प्रकारचे होते. हा मुद्दा वहीत मार्केटिंगच्या भागात पण लिहून ठेवा, लागणार आहे.

प्राथमिक साधनं (त्या काळातलीच) आणि दुय्यम साधनं (नंतर त्यांच्यावरून लिहिलेली) हा घटक येईलच. व्याख्या पाठ करण्यापेक्षा पानिपतचं ते पत्र घ्या. १४ जानेवारी १७६१ ची लढाई, आणि नानासाहेब पेशव्यांना वाटेत बातमी कळली ती एका सावकाराच्या सांकेतिक पत्रातून, दोन मोती गळाले, सत्तावीस मोहरा हरवल्या, रुपे आणि तांबं किती गेलं त्याची मोजदाद नाही, असा त्याचा आशय. दोन मोती म्हणजे विश्वासराव आणि सदाशिवरावभाऊ. ग्रँट डफ या ब्रिटिश अधिकाऱ्याने १८२६ साली आलेल्या आपल्या मराठ्यांच्या इतिहासात हा मजकूर इंग्रजीत दिलाय. मराठी पुस्तकांत शब्द थोडे थोडे वेगळे सापडतात. मग हे प्राथमिक साधन की दुय्यम? घटना १७६१, पुस्तक १८२६, मध्ये ६५ वर्षं, भाषा बदललेली. यावर वर्गात दहा मिनिटं भांडा, घटक पक्का होतो.

साहित्य

साहित्याच्या पेपरात बहुतेकांचे मार्क एकाच ठिकाणी जातात, कथा विचारली की कथा सांगतात, कविता विचारली की अर्थ सांगतात. परीक्षकाला गोष्ट माहितीये हो. त्याला हवं असतं की हे कोण बोलतंय, कुणाशी बोलतंय, काय बोललंय आणि काय बोलायचं टाळलंय.

पुन्हा पाटी. आपल्याकडे शब्दशक्ती, म्हणजे शब्दाने अर्थ पोचवायच्या रीती, तीन सांगतात, अभिधा, लक्षणा, व्यंजना. मुलं व्याख्या घोकतात आणि उदाहरणाला अडतात. अभिधेने पाटीचा अर्थ एवढाच, या दुकानाची दुसरी शाखा नाही. लक्षणा इथे नाहीच आणि तसं लिहायला घाबरू नका, कारण सरळ अर्थ जिथे अडतो तिथे लक्षणा लागते, जसं "सगळं गाव जत्रेला लोटलं", आता गाव तर जागेवरच असतं, लोटतात ती माणसं. पाटीत सरळ अर्थ अडत नाही. पण तो अर्थ लागल्यावर मागून आणखी काहीतरी ऐकू येतं, की बाकीचे नक्कल करणारे आहेत, ही चव दुसरीकडे मिळणार नाही, हवी असेल तर इथेच यावं लागेल. यातला एकही शब्द पाटीवर नाही. ही व्यंजना. नवव्या शतकात काश्मीरमध्ये आनंदवर्धनाने याच न लिहिलेल्या अर्थाला, ध्वनीला, काव्याचा आत्मा म्हटलं.

"व्यंजना, टीप लिहा" असा प्रश्न आला तर एक उत्तर असं असतं, व्यंजना ही एक महत्त्वाची शब्दशक्ती आहे, साहित्यात तिला अनन्यसाधारण स्थान आहे, अनेक कवींनी तिचा वापर केला आहे. तीन वाक्यं आणि माहिती शून्य. दुसरं उत्तर असं, व्याख्या एका वाक्यात, मग एक उदाहरण, मग त्यात सरळ अर्थ कुठला आणि सुचवलेला कुठला हे वेगळं करून दाखवायचं, मग आनंदवर्धनाचं एक वाक्य. लांबी तेवढीच, मार्क दुप्पट.

पानिपतचं पत्र इथे परत काढा. सेनापती आणि वारस मोती, सरदार मोहरा, आणि साधे शिपाई चांदी-तांबं, ज्यांची मोजदादच नाही. सावकाराने बातमी लपवायला पैशाची भाषा वापरली, पण ती वापरताना कुणाच्या जिवाची किंमत किती हे पण त्याच्या हातून लिहून गेलं. मला ही ओळ जेव्हा जेव्हा वाचतो तेव्हा त्या शेवटच्या भागापाशी थांबायला होतं. प्रतिमा नुसती शोभेची नसते, तिच्यात समाज दिसतो, आणि असं एक निरीक्षण स्वतःचं असलं की उत्तर गाईडचं राहत नाही.

कविता असेल तर तीनदा मोठ्याने वाचा, दार लावून वाचा हवं तर. पहिल्यांदा नुसती लय, दुसऱ्यांदा न कळलेल्या शब्दांखाली रेघ, तिसऱ्यांदा कुठे आवाज आपोआप खाली येतो ते बघा. शब्दासाठी मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश आणि दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश दोन्ही ऑनलाइन फुकट शोधता येतात, मराठी विश्वकोश पण साइटवर आहे. चॅटबॉटला विचारलंत तर विचारा, पण त्याने सांगितलेलं साल आणि पुस्तकाचं नाव विश्वकोशात सापडलं तरच वहीत उतरवा.

मार्केटिंग

आता शेवटचा भाग. इथे आर्ट्सची मुलं उगाच दबतात. पहिलाच घटक असतो फोर पी, प्रॉडक्ट, प्राइस, प्लेस, प्रमोशन, ही मांडणी जेरोम मॅकार्थी या अमेरिकन प्राध्यापकाने १९६० साली केली. पाटीला लावा. बाकी सगळे धंदेवाले प्लेस वाढवतात, गल्लोगल्ली माल पोचवतात, आणि हा दुकानदार प्लेस एकच ठेवून त्याचंच प्रमोशन करतोय. मिळायला अवघड म्हणून हवंसं वाटतं. पुस्तकात याला पोझिशनिंग म्हणतील, म्हणजे गिऱ्हाइकाच्या मनात आपली जागा पक्की करणं. आणि श्रवणबेळगोळच्या तीन भाषा आठवा, वाचणाऱ्यांचे गट ओळखून प्रत्येकाशी त्याच्या भाषेत बोलणं, हेच सेगमेंटेशन.

उदाहरण म्हणून सगळे परदेशी शीतपेयं लिहितात, तुम्ही किर्लोस्करांचा नांगर लिहा. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ च्या सुमाराला लोखंडी नांगर केला आणि तो दोन वर्षं विकला गेला नाही, कारण लोखंडाने जमीन नासते असं शेतकऱ्यांना वाटायचं. नांगर चांगला होता, किंमत हा अडथळा नंतरचा, अडथळा होता मनातला. म्हणजे प्रॉडक्ट तयार होऊनही मार्केटिंगचं काम सुरूच झालेलं नव्हतं, विश्वास बसवायचा बाकी होता. पुढे १९१० साली औंध संस्थानात किर्लोस्करवाडी वसली, आज ती सांगली जिल्ह्यात येते, आणि १९२० साली तिथून "किर्लोस्कर खबर" निघायला लागलं. सुरुवातीला ते कारखान्याचं पत्रक, गिऱ्हाइकांसाठी आणि एजंटांसाठी. शंकरराव किर्लोस्करांच्या हाताखाली त्याचं वाढत वाढत पूर्ण मासिक झालं, महाराष्ट्रभर घरोघरी वाचलं जायला लागलं, आणि १९३० साली "स्त्री" मासिक पण त्याच घरातून आलं. आज ज्याला कंटेंट मार्केटिंग म्हणतात ते नांगर विकणाऱ्या माणसांनी शंभर वर्षांपूर्वी केलं आणि त्यातून मराठी लेखकांच्या पिढ्यांना लिहायला पानं मिळाली. तुमचं मेजर, मायनर आणि ओपन इलेक्टिव्ह, तिन्ही या एका गोष्टीत आहेत, प्रोजेक्टला विषय शोधत असाल तर हा घ्या.

प्रात्यक्षिक म्हणून कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात अर्धा तास उभे राहा, दुकानदाराला विचारून. शॅम्पूच्या पुड्यांच्या माळा कुठे लटकवल्यात, मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर काय ठेवलंय, दहा रुपयांच्या बिस्किटाच्या पुड्यावर निव्वळ वजन किती छापलंय ते टिपा. किंमत दहाच राहते आणि ग्रॅम कमी होत जातात, हे दोन वेगवेगळ्या महिन्यांतले पुडे शेजारी ठेवले की दिसतं. प्राइसच्या घटकाला यापेक्षा चांगलं उदाहरण मिळणार नाही. आणि जाता जाता, जाहिरात हा शब्द अरबी "जाहिर" वरून आलाय, उघड असलेलं, सगळ्यांना दिसणारं. बाजार आणि दुकान फारसीतून आले. वहीच्या भाषेच्या भागात टाका.

वेळेचं म्हणाल तर रोज एका विषयाला पाऊण तास पुरतो, मेजरला दीड, रविवारी एक नवी पाटी. भाचीने पहिल्या रविवारी गावातल्या पाच पाट्यांचे फोटो काढून पाठवले, त्यातली एक होती "उधार बंद आहे, कृपया आग्रह करू नये". तिने स्वतःच विचारलं, मामा, आग्रह तर जेवताना करतात ना? मी म्हटलं झालं, तुझा साहित्याचा अभ्यास सुरू झाला.

फोटो काढताना एक करा, त्यावर तारीख आणि जागा लिहून ठेवा, गल्ली, दुकानाचा प्रकार, पाटी हाताने रंगवलेली की फ्लेक्सची. २०२२ च्या दुरुस्तीनंतर राज्यात छोट्या दुकानांनाही मराठी नामफलक सक्तीचा झालाय आणि जुन्या पाट्या भराभर बदलतायत. तिच्या त्या पाचातल्या एका दुकानाची पाटी पुढच्याच महिन्यात उतरली, आणि तारीख घातलेला तो फोटो आता तिच्या इतिहासाच्या वहीत प्राथमिक साधन म्हणून चिकटवलेला आहे.